मुकं जंगल

“मगर,” मार्गरेट हलक्या आवाजात म्हणाली आणि होडीतल्या सगळ्यांच्या माना डावीकडे वळल्या.

आमचे हे उजवीकडे बघत होते. नुसते बघत नव्हते, तर उभे राहून, गळ्यातली दुर्बीण सावरत, पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून खणखणीत इंग्रजीत सगळ्यांना सांगत होते, “ते बघा, उंबराच्या कुळातलं झाड! फळं थेट खोडाला लगडलीत!”

होडी आधी डावीकडे कलली, मग उजवीकडे. चिखलात ऊन खात पडलेल्या मगरीने एक डोळा उघडला, आमच्याकडे पाहिलं, आणि आवाज न करता पाण्यात उतरून गेली. मिसेस पेम्बर्टन नावाच्या इंग्रज बाईंनी कॅमेरा खाली घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ती मगर मीच हाकलली होती.

“अहो, खाली बसा,” मी यांचा शर्ट ओढला. “मगर होती तिकडे.”

“मग? मी तेच तर सांगतोय,” हे म्हणाले. “उंबरच आहे तो.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बोर्निओ बेटावरच्या किनाबतांगान नदीत एक छोटी बोट आम्हाला घेऊन फिरत होती. प्रवासी जेमतेम डझनभर. खाली झोपायच्या खोल्या, वर छप्पर घातलेला डेक आणि मागे बांधलेल्या दोन होड्या. मार्गरेट आमची वाटाडी. ती तिथलीच, चणीने लहान आणि आवाजाने त्याहून लहान. रोज ती आम्हाला होड्यांत बसवून अरुंद ओढ्यांमध्ये शिरायची. आमची मुलगी ऋजुता सिंगापूरला असते. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिने ही सहल भेट दिली होती. ती देताना तिने फक्त वडिलांना विचारलं होतं. मला विचारलं असतं तर मी महाबळेश्वर म्हटलं असतं.

आमचे हे, म्हणजे विश्वंभर देवस्थळी, पाटबंधारे खात्यात अभियंता होते. उभी नोकरी कोयनेच्या खोऱ्यात झाली आणि तिथेच पक्ष्यांचं वेड लागलं. जीप घाटातून चाललेली असायची, हे डोळे मिटून बसलेले असायचे आणि मध्येच म्हणायचे, “शिंजीर. मादी. आणि तो मागे शिंपी.” ड्रायव्हरला वाटायचं साहेब झोपेत बरळतायत. छोटा पक्षी आधी ऐकायचा असतो आणि मग बघायचा असतो, हे यांचं ठाम मत. निवृत्तीनंतर आम्ही कऱ्हाडला घर बांधलं आणि वर्षा-दोन वर्षांत यांच्या लक्षात आलं की पक्षी नाहीसे होतायत. आधी शिंजीर गेले, मग शिंपी, मग चष्मेवाले. हा माणूस खरोखर खचला. गावोगाव जाऊन ‘हरवलेली किलबिल’ या विषयावर व्याख्यानं द्यायला लागला. गुन्हेगारही शोधून काढला. मोबाइलचा टॉवर! आमच्या कॉलनीत टॉवर येणार होता, तो यांनी सगळ्यांच्या गळी उतरवून रद्द करायला लावला. त्यामुळे सबंध कॉलनीला फोनवर बोलायला गच्चीवर जावं लागायचं आणि कोणाच्या घरात कोण रुसलंय ते चार घरांना कळायचं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला ऐकू येत नव्हते का ते पक्षी? येत होतं की काहीबाही. पण मला कावळा आणि चिमणी यापलीकडे अक्कल नव्हती. जे चिवचिवतंय ते यांच्या गणतीतलं नसेल, असं मी धरून चालले होते. आणि श्रोत्यांचं म्हणाल, तर साक्षात धरण बांधलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ते माना डोलवायचे.

पक्ष्यांचं दुःख यांना होतं. माझं दुःख वेगळंच होतं. निवृत्त झाल्यापासून हा माणूस माझ्याशी बोलेनासा झाला होता. भांडण नाही, तंटा नाही. मी विचारावं, “आज भाजी कुठली करू?” आणि यांनी पेपरातून मान वर न काढता म्हणावं, “हो.” मी दोन वाक्यं जास्त बोलले तर “हं, हं” करून उठून बागेत जायचे. साहेबीत इतकी वर्षं काढल्यावर बायकोचं बोलणं म्हणजे कारकुनाचं टिपण वाटत असणार, असं मी स्वतःला समजावत राहिले. मग समजावणं सोडलं आणि बोलणंही सोडलं. घरात दोन माणसं आणि एक फ्रीज. त्यातला फ्रीज तेवढा आवाज करायचा.

तेव्हा बोर्निओला निघण्याआधीच मी ठरवून टाकलं होतं. सहल संपली की सिंगापूरला ऋजुताकडे राहायचं. यांनी एकट्यांनी कऱ्हाडला जावं आणि मोकळ्या घरात हरवलेली किलबिल शोधावी. ऋजुताला मी कल्पना दिली होती. ती फोनवर रडली आणि म्हणाली, “आई, तूच सांग बाबांना. मला जमणार नाही.” ते सांगायचं राहिलं होतं.

आणि त्या नदीने माझी पंचाईत केली. मला कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण मला तिथे भलतंच आवडायला लागलं. काठाने नीपा नावाच्या बुटक्या माडांच्या झावळ्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारख्या वाकलेल्या. एकेका झाडाच्या खांद्यावर दहा जातींचं बिऱ्हाड, नेचे काय, ऑर्किड काय, आणि त्यांच्या मधून लोंबणारे मनगटाएवढे वेल. संध्याकाळी लांब नाकाची माकडं नदीकाठच्या झाडांवर येऊन बसायची. सुटलेलं पोट, गुलाबी चेहरा आणि हनुवटीपर्यंत लोंबणारं नाक. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा आमचे हे चक्क हसले.

“आमचे अधीक्षक अभियंता,” ते म्हणाले. “पाहणीला आलेत.”

खरंच तसंच होतं ते माकड. फांदीवर मागे रेलून, सगळ्या जंगलावर नाराज. मी इतकी हसले की मिस्टर पेम्बर्टननी मला पाणी दिलं. क्षणभर वाटलं, जाऊ दे, नको सांगायला. तेवढ्यात मी काहीतरी म्हणाले, यांनी नुसतं “हं” केलं आणि दुर्बीण डोळ्याला लावली. मग माझं मन परत घट्ट झालं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट एका वळणावर नांगरली होती. बाकीची मंडळी अंघोळीला खाली गेली होती. डेकवर आम्ही दोघंच. आभाळ केशरी झालं आणि दोन्ही काठांवरच्या रातकिड्यांनी एकदम तोंड सोडलं. तो आवाज काय सांगावा! सगळ्या गावाच्या पिठाच्या गिरण्या एकाच वेळी सुरू झाल्यासारखा. मी कानांवर हात ठेवले. हे मात्र कठड्यावर मोजे वाळत घालत होते, शांतपणे, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. मला तेही लागलं. या माणसाला कशानेच काही होत नाही.

“ऐकता का?” मी म्हटलं. “मला बोलायचंय.”

यांनी वळून पाहिलं.

“मी कऱ्हाडला परत येणार नाहीये. मी ऋजुताकडे राहणार आहे. कायमची.”

यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या मोज्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “राहू दे. उद्या धुऊ.”

मी उभीच राहिले. चाळीस वर्षांचा संसार आणि त्याची एवढी किंमत? मला वाटलं होतं चिडतील, विचारतील, निदान खुर्चीत बसतील. मी खाली खोलीत गेले आणि पांघरूण डोक्यावर घेऊन भिंतीकडे तोंड केलं. जेवायला गेले नाही. यांनी माझ्यासाठी एका बशीतून केळी आणून उशाशी ठेवली आणि ते झोपले. त्या केळ्यांचाही मला राग आला.

सकाळी उजाडता उजाडता मी डेकवर आले तर सगळी बोट जागी होती. नदीवरून धुकं वर चढत होतं, आणि जंगलात नुसता गलबला चालला होता. शिट्ट्या, किरकिर, चिवचिव, कुठे कोणी पाणी ओतल्यासारखं, कुठे कोणी काच घासल्यासारखं. मिसेस पेम्बर्टन हातातला चहा विसरून ऐकत होत्या. डीटर नावाचे एक जाडजूड जर्मन गृहस्थ आमच्याबरोबर होते. त्यांच्या हातात सतत एक राखाडी, केसाळ वस्तू असायची. पहिले दोन दिवस मला वाटलं, मेलेलं मांजर घेऊन हिंडतायत. नंतर कळलं, तो आवाज टिपायचा माइक, वाऱ्याची घरघर लागू नये म्हणून त्याला झूल घातलेली. ते कानाला हेडफोन लावून डोळे मिटून उभे होते.

आमचे हे कठड्यापाशी एकटे होते. मी बोलणार नव्हतेच, पण यांनीच मला जवळ बोलावलं. यांचे डोळे भरून आले होते.

“ऐकलंस?” हे म्हणाले.

“काय?”

“काहीही नाही. तेच तर. इथेही गेले. एवढं मोठं जंगल, आणि मुकं झालंय.”

मी यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या डोक्याच्या वर, छपराच्या टोकावर एक मूठभर पक्षी बसून जिवाच्या आकांताने ओरडत होता. त्याचा गळा फुगलेला मला दिसत होता.

हे मार्गरेटकडे वळले. “बाई, फार वाईट वाटलं,” ते इंग्रजीत म्हणाले, भर सभेत बोलल्यासारखे. “तुमच्याकडेही टॉवर आलेले दिसतात. ही शांतता मी ओळखतो.”

सगळे गप्प झाले. पक्षी सोडून. मार्गरेटला वाटलं हा विनोद आहे, म्हणून ती हसली आणि मग यांचे डोळे बघून तिचं हसू विझलं. मिस्टर पेम्बर्टननी चहात साखर घातली, आधी घातलेली असताना.

डीटरना मात्र वेगळंच वाटलं. शांतता म्हणजे काय, आपलं यंत्र बिघडलंय की काय? त्यांनी घाईघाईने हेडफोन काढला, कान दिला, यंत्राकडे पाहिलं, परत कान दिला. मग यांच्याकडे नीट पाहिलं. काही न बोलता ते पुढे आले, हेडफोन यांच्या कानांवर चढवला आणि यंत्राचं बटण फिरवत नेलं.

यांचा चेहरा मी चाळीस वर्षं पाहत आले होते. असा कधी पाहिला नव्हता. आधी भुवया वर गेल्या. मग तोंड थोडं उघडलं. यांनी हेडफोन काढला. ऐकलं. परत लावला. परत काढला. परत लावला. लहान पोर दिव्याचं बटण खालीवर करतं तसं.

“शिंपी,” हे पुटपुटले. “शिंपी आहे. आणि हा, हा शिंजीर. हा दयाळ! अगं कालिंदी, हा दयाळ! आणि हा कोण? हा मला माहीत नाही!”

डीटरनी आवाज बारीक केला तसं यांच्या चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं. मोठा केला तसं परत आलं. तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. मगर. भाजी. पेपरातून न निघालेली मान. मार्गरेटचा बारीक आवाज, माझा बारीक आवाज, संध्याकाळचे रातकिडे. मी तिथल्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले.

बहिरेपण आलंय हे कळल्यावर माणूस काय करतो? चिडतो, नाकारतो, लाजतो. मी त्या सगळ्याची वाट बघत होते. यांनी हेडफोन हातात धरला, सबंध जंगलावरून एकदा नजर फिरवली आणि मोठ्यांदा म्हणाले,

“म्हणजे ते आहेत? मेले नाहीत?”

“नाही हो,” मी म्हटलं. मग लक्षात आलं आणि उठून, कानाशी जाऊन, आवाज खालच्या पट्टीत लावून म्हटलं, “कुणी मेलेलं नाही.”

“कऱ्हाडलाही?”

“कऱ्हाडलाही. रोज सकाळी उठवतात मला.”

हे हसायला लागले. सगळ्यांसमोर, आवाज करून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. त्यांनी डीटरना मिठी मारली, त्या केसाळ माइकसकट. मिस्टर पेम्बर्टनशी हस्तांदोलन केलं. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून लोकांचं अभिनंदन स्वीकारल्यासारखा वागणारा माणूस त्या बोटीने आधी पाहिला नसावा.

मग सगळे नाश्त्याला गेले आणि आम्ही दोघं राहिलो. हे कठड्याला टेकून नदीकडे बघत होते. हसू ओसरलं होतं.

“मला वाटलं होतं, तूच बोलायचं बंद केलंस,” हे म्हणाले. “नुसते ओठ हलवतेस. मनात काहीतरी आहे आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून पुटपुटतेस. म्हटलं, असेल राग. इतकी वर्षं धरणावर एकटं ठेवलं होतं तुला.”

“विचारायचं होतंत मग.”

“विचारलं होतं. तू काय उत्तर दिलंस ते ऐकू आलं नाही.”

मी यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

“काल संध्याकाळी तू काही सांगत होतीस,” हे म्हणाले. “ते मोज्यांचं नव्हतं ना?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या माणसाला आत्ताच कुठे खरं ऐकू आलं होतं. मी कानाशी तोंड नेलं आणि आदल्या दिवशीचं वाक्य शब्दाला शब्द परत सांगितलं. आजूबाजूला मराठी समजणारं कोणी नव्हतं हे एक बरं होतं, कारण मला ते जवळजवळ ओरडावं लागलं.

यांनी कठड्यावरचा मोजा काढून हातात घेतला.

“आणि मी काय म्हणालो?”

“राहू दे, उद्या धुऊ.”

यांनी कपाळावर हात मारून घेतला. मला हसायचं नव्हतं. मी ओठ घट्ट धरले, पदर तोंडाला लावला, पण ते आतून उकळी फुटल्यासारखं वर आलंच. मी हसले, मग हेही हसले, आणि मग मी हसता हसता रडले. खालून मार्गरेट धावत आली, मगर आली की काय म्हणून.

“मग आता काय?” यांनी विचारलं.

“आधी कान दाखवू,” मी म्हटलं. “मग बघू.”

सिंगापूरला आम्ही दोघंही महिनाभर राहिलो. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज तेवढे गेलेत, जाड आवाज शाबूत आहेत. यांच्या दोन्ही कानांत यंत्रं बसली आणि मग आम्ही दोघंही परत आलो. कॉलनीच्या सभेत यांनी उभं राहून सांगितलं, “पक्षी होते तिथेच होते. मीच तिथे नव्हतो. टॉवर बांधा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या जरा जास्तच मोठ्या ऐकू आल्या म्हणून यांनी यंत्र बारीक केलं.

पण ते सगळं पुढचं. मला आठवत राहते ती त्याच दिवसाची दुपार. डीटरना त्यांचं यंत्र परत हवं होतं आणि ते दुसऱ्या होडीत बसले. आमची होडी एका अरुंद ओढ्यात शिरली. दोन्हीकडून झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, पाणी चहासारखं काळसर, आणि वरून लाल फुलांचा एक वेल थेट आमच्या डोक्यांवर लोंबत होता. मार्गरेटने इंजिन बंद केलं. सगळे ऐकायला लागले. आमचे हे माझ्याकडे बघायला लागले.

“काय ऐकू येतंय?” त्यांनी विचारलं.

“मला नावं कुठे येतात?”

“नावं मी सांगतो. तू आवाज सांग.”

मी कानाशी सरकले. “एक शिवणयंत्र रिकामं चालवल्यासारखा. टकटकटकटक, थांबतच नाही.”

“शिंपी. कुठे?”

मी यांचा खांदा धरून वळवला. “तिथे, खाली, झुडपात. आणि एक वर आहे. ओल्या काचेवर बोट फिरवल्यासारखं. बारीक, दोनदा दोनदा.”

“शिंजीर. फुलाजवळ बघ, लाल फुलाजवळ.”

मी बघितलं. होता. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच शोधला आणि मला सापडला.

“अजून एक जण आहे, तो सगळ्यांच्या नकला करतो. शेजारच्या कुलकर्ण्यांच्या स्कूटरसारखा सुरू होतो आणि मध्येच मांजर होतो.”

“भृंगराज!” हे आनंदाने ओरडले. मिसेस पेम्बर्टननी शू केलं, ते यांना अर्थातच ऐकू आलं नाही.

मग मला थांबताच येईना. कुकरची शिट्टी यायच्या आधीचा सुस्कारा, नळाला पाणी यायच्या आधीची हवा, बांगड्यांचा ढीग सरकल्यासारखा आवाज, मी एकेक करत सांगत सुटले. पक्षी संपले तेव्हा बेडकांचे सांगितले. बेडूक संपले तेव्हा पानांवरून थेंब पडतोय तो सांगितला. मग ऋजुता फोनवर रडली ते सांगितलं. शेजारणीच्या सुनेचं सांगितलं, जे दोन वर्षांपूर्वीच सांगून झालं होतं पण पोचलं नव्हतं. हे माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होते, मध्ये मध्ये “मग?” म्हणत होते. इतकी मी लग्नाच्या पहिल्या वर्षीही बोलले नसेन.

एकाएकी यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“कालिंदी,” हे म्हणाले, “गप्प बस जरा.”

मी दचकून थांबले. यांची मान वर गेली होती. तेव्हा मलाही ऐकू आलं, झाडांच्या माथ्यावरून जाड, जड, घोंगडी झटकल्यासारखा आवाज येत होता. फप्प, फप्प, फप्प. पंखांचा. दोन थोरले धनेश, नर पुढे आणि मादी मागे, आमच्या डोक्यावरून ओढा ओलांडून गेले. होडीतल्या कोणाचंही अजून तिकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांत आधी यांनी ऐकले होते.

कितीतरी वर्षांनी या माणसाने मला गप्प बस म्हटलं होतं. मी बसले.